शाळेचा पैसा आणि बाईंचा वेळ कुठं जातो, पालकांनी कसं बघायचं

'मास्तर काय करालेत शाळेत, पगार तर एवढा घेतात' हे आमच्या कर्नाटकातल्या खानापूर (बेळगाव जिल्हा) भागात चहाच्या टपरीवर रोज ऐकायला मिळतं, मीही तसंच बोलायचो, पण एसडीएमसीवर, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख कमिटीवर, आल्यावर एक दिवस सकाळपासून शाळेतच बसलो. सर तालुक्याला मीटिंगला, बाई एकट्या, पाचही वर्ग एका खोलीत, फळ्यावर तेराचा पाढा तेरा चोक बावन्नवर थांबलेला कारण हजेरी मोबाईलवर भरायची आणि रेंज फक्त दारात येते, तेवढ्यात मुलांना वाटायची अंडी-केळी मोजून घ्या म्हणून हाक, जेवणाची सुट्टी झाली तरी पाढा बावन्नवरच.

तर भांडायच्या आधी एक वही घ्या. पंधरा दिवस रोज लिहा, आज शिक्षक किती हजर, कोण कुठल्या कामाला गेलं, किती तास बुडाले. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम 27 मध्ये जनगणना, निवडणूक आणि आपत्तीचं काम सोडून शिक्षकांना बाहेरच्या कामाला लावायचं नाही असं आहे, म्हणून प्रत्येक कामापुढं ते यात बसतं का तेही लिहा. 2025 च्या कर्नाटक सरकारच्या जातनिहाय सर्व्हेला राज्यभर शिक्षकच घरोघरी फिरले आणि दसऱ्याची सुट्टी वाढवायला लागली, ते आठवत असेलच.

आता शिक्षक किती पाहिजेत ते बघा. पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत 2, 61 ते 90 ला 3. म्हणजे 40 मुलांच्या शाळेत दोनच शिक्षक असले तरी कागदावर कमी नाहीत, वर्ग पाच असले तरी! माझ्या मते खरं दुखणं हेच आहे. त्यामुळं नुसतं 'शिक्षक द्या' म्हणून निवेदन देऊ नका, वही जोडून 'दोघांपैकी एक गेला की त्या दिवशी बदली कोण' हे बीईओंना, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांना, विचारा, आणि जागाच रिकामी असेल तर अतिथी शिक्षक मागा.

पैशाचं बघायचं तर पगार सरकारकडून थेट जातो, मुख्याध्यापकांच्या हातात त्यातलं काही नसतं. शाळेला मिळतं ते समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं अनुदान, त्याचे टप्पे असे की 30 मुलांपर्यंत वर्षाला 10,000, 31 ते 100 ला 25,000, 101 ते 250 ला 50,000. त्यातच खडू, दुरुस्ती, आणि निदान 10 टक्के स्वच्छतेला. यूडायसवर, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, पटसंख्या नीट भरलीय का ते आधी तपासा, 31 च्या जागी 30 पडले तर 15,000 गेले ना. मीटिंगमध्ये पासबुक आणि कॅशबुक दोन्ही मागा. कमिटीत तीन चतुर्थांश पालकच असतात, मग लाजायचं कशाला.

नाहीच दाखवलं तर माहिती अधिकार. इथं एक सांगतो, कायद्यात अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत असं आहे, आमचा मराठीतला परत आला होता आणि महिना फुकट गेला, तेव्हा गावातल्या कन्नड येणाऱ्या पोराकडून लिहून घ्या. 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा, एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. पोचपावती घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका, आणि जायच्या आधी बाईंना सांगून जा, नाहीतर त्यांना वाटेल तक्रार त्यांच्यावरच आहे.