फॉरवर्डवर विसंबू नका, राजपत्र उघडा

भावांनो, नवा कायदा आला, अमक्याची नेमणूक झाली असले फॉरवर्ड आले की आधी महाराष्ट्र शासनाच्या ई-राजपत्राच्या (राजपत्र म्हणजे सरकारचं अधिकृत प्रकाशन) सरकारी साइटवर मूळ पीडीएफ बघा, फुकट डाऊनलोड होतंय. भूसंपादनासारखं आपल्या जिल्ह्यातलं काही शोधत असाल तर कोल्हापूर नावानं हुडकत बसू नका, आपला जिल्हा पुणे विभागात, म्हणून भाग एकची पुणे विभागीय पुरवणी काढायची (हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतंय). अधिनियम, अध्यादेश भाग चारला, त्यांचा इंग्रजी अनुवाद भाग आठला. साप्ताहिक अंकात सापडलं नाही तर ‘असाधारण’ चाळा, तातडीचं सगळं त्यात, आणि ते कुठल्याही वारी निघतंय. डोक्यावरच्या ओळीत वर्ष, अंक आणि इंग्रजी तारखेला जोडून शके तारीख असते, ती ओळ जशीच्या तशी टिपून घ्या. आणि जीआर (शासन निर्णय) म्हणजे राजपत्र नव्हे, त्याची साइटच वेगळी.