एक मराठी शब्द, दोन इंग्रजी शब्द: योग्य शब्द कसा निवडावा

गोंधळात टाकणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या जोड्या शाळेत पाठ करून घेतल्या जातात आणि परीक्षा संपताच विसरल्या जातात. मराठी भाषकाची अडचण बहुधा त्या जोड्यांत नसून त्याआधीच्या पायरीवर असते. मराठीत जिथे एका शब्दाने भागते, तिथे इंग्रजीला दोन शब्द लागतात आणि लिहिणारा त्यांतला जो आधी आठवेल तो वापरतो. त्यामुळे वहीत नोंद करताना वर मराठी शब्द लिहावा, त्याखाली इंग्रजी पर्याय मांडावेत आणि प्रत्येक पर्यायापुढे एक कसोटी लिहावी. कसोटी म्हणजे मराठी वाक्यात करायचा असा बदल, जो एका पर्यायाच्या बाबतीत चालतो आणि दुसऱ्याच्या बाबतीत चालत नाही.

‘पर्यंत’ हा शब्द घेऊ. ‘पाच वाजेपर्यंत ये’ आणि ‘पाच वाजेपर्यंत थांब’ या वाक्यांत मराठीला काहीच फरक करावा लागत नाही. इंग्रजीत मात्र पहिल्या वाक्यात ‘बाय’ आणि दुसऱ्यात ‘टिल’ किंवा ‘अनटिल’ येते. येथे ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून पाहावे. ‘पाच वाजायच्या आत ये’ हे वाक्य टिकते, म्हणून ‘बाय’. ‘पाच वाजायच्या आत थांब’ याला अर्थ उरत नाही, म्हणून ‘टिल’. कार्यालयीन पत्रात ही चूक महागात पडू शकते, कारण अर्ज ३१ तारखेपर्यंत पोहोचायला हवा असेल तर ‘बाय’ लागते आणि खिडकी ३१ तारखेपर्यंत उघडी राहणार असेल तर ‘टिल’. नकारार्थी वाक्यात मात्र ही कसोटी अपुरी पडते. ‘पाचपर्यंत तो आला नव्हता’ येथे पाचच्या ठोक्याला काय स्थिती होती एवढेच सांगायचे असल्याने ‘बाय’ येते, तर ‘पाचपर्यंत तो आलाच नाही’, म्हणजे आला तो पाच वाजता, असे म्हणायचे असेल तर ‘टिल’.

‘पासून’ या शब्दाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. ‘सोमवारपासून’ यातील सोमवार दिनदर्शिकेवर बोट ठेवून दाखवता येतो, म्हणून ‘सिन्स’. ‘तीन दिवसांपासून’ यातील तीन दिवस ही लांबी आहे, म्हणून ‘फॉर’. ‘सिन्स थ्री डेज’ ही रचना आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती खटकतही नाही. शिवाय ‘मी येथे तीन वर्षांपासून राहतो’ यातील वर्तमानकाळ इंग्रजीत तसाच चालत नाही. तेथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ असे रूप घ्यावे लागते.

‘शंका’ या शब्दाकडे अधिक लक्ष द्यावे, कारण येथे चूक झाली तर अर्थ उलटा होतो. ‘डॉक्टरांना डेंग्यूची शंका आहे’ याचा आशय डेंग्यू असावा असा आहे आणि त्यासाठी ‘सस्पेक्ट’ हे क्रियापद आहे. तेथे ‘डाउट’ वापरले तर इंग्रजी वाचक असे समजेल की डॉक्टरांच्या मते डेंग्यू बहुधा नाही. म्हणून लिहिण्यापूर्वी शंका सोडवून मांडावी: ‘तसे असावे असे वाटते’ असा अर्थ निघत असेल तर ‘सस्पेक्ट’, ‘तसे नसावे असे वाटते’ असा निघत असेल तर ‘डाउट’. वर्गातील ‘सर, माझी एक शंका आहे’ ही या दोन्हींत बसत नाही. ती ‘क्वेश्चन’ आहे. भारतात त्यासाठी ‘डाउट’ सर्रास चालते आणि समजतेही, परंतु परदेशी सहकाऱ्याला तो अविश्वास वाटू शकतो.

‘शोध’ या शब्दाखाली निदान तीन पर्याय येतात. शोधलेली वस्तू आधीपासून अस्तित्वात होती का, हा पहिला प्रश्न. विल्यम हर्शेल यांनी १७८१ मध्ये युरेनसचा शोध लावला, पण युरेनस त्याआधीही होताच, म्हणून ‘डिस्कव्हर’. सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये लावलेला रामन परिणामाचा शोधही याच जातीचा. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना १८७६ मध्ये ज्याचे पेटंट मिळाले तो टेलिफोन मात्र आधी जगात नव्हता, तेथे ‘इन्व्हेंट’. मराठीत शोध ‘लावला’ नसून ‘घेतला’ असेल, तर ‘सर्च’ येते आणि त्यात आणखी एक खाच आहे. पोलिसांनी चोराचा शोध घेतला, हे सांगताना ‘सर्च’पुढे ‘फॉर’ हवेच. ते गाळले तर पोलिसांनी चोराची अंगझडती घेतली असा अर्थ होतो, म्हणजे चोर आधीच हाती लागलेला असतो.

काही ठिकाणी मराठीच मदतीला येते. ‘मला आवाज ऐकू आला’ यात कर्त्याने मुद्दाम काही केलेले नाही, म्हणून ‘हिअर’. ‘मी लक्ष देऊन ऐकले’ यात केले आहे, म्हणून ‘लिसन’. दिसणे आणि पाहणे यांतून ‘सी’ व ‘लुक’ हेही बऱ्याच अंशी असेच वेगळे करता येतात.

ज्या जोड्यांचा घोळ केवळ दिसण्यातील किंवा उच्चारातील साम्यामुळे होतो, त्यांना ही पद्धत लागू पडत नाही. ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’, ‘प्रिन्सिपल’ या एकाच उच्चाराची दोन स्पेलिंगे, असे शब्द वहीच्या वेगळ्या पानावर ठेवावेत आणि प्रत्येकापुढे आपण स्वतः रचलेले एक पूर्ण वाक्य लिहावे.