ट्रॅकवर जाण्याआधी बोल्टला तार बांधायची तयारी

चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर बाइक न्यायची ठरली की पुण्या-मुंबईची मंडळी आधी टायर आणि ब्रेक पॅडच्या मागे लागतात. बोल्ट फिरून निसटू नये म्हणून त्याच्या डोक्यातून ओवून बांधायच्या तारेचं (सेफ्टी वायर) काम शेवटच्या रात्रीवर ढकललं जातं. ते आठवडाभर आधीच हातात घ्या, कारण निम्मा वेळ बोल्टच्या डोक्याला भोकं पाडण्यातच जातो.

सुरुवात आयोजकांचा नियमांचा कागद वाचण्यापासून. कुठे कुठे तार हवी हे ठिकाणागणिक बदलतं, पण ऑइलचा ड्रेन बोल्ट (इंजिनातलं तेल काढायचा), ऑइल भरायचं झाकण आणि ऑइल फिल्टर बहुतेक ठिकाणी असतातच. शर्यत असेल तर ब्रेक कॅलिपरचे बोल्टही. तेलाच्या जागा आधी का, हे सांगायला नको. ड्रेन बोल्ट गळला तर तेल आधी तुमच्याच मागच्या चाकाखाली येतं आणि उरलेलं मागून येणाऱ्यांच्या.

खरेदीसाठी पुण्यात बोहरी आळी किंवा मुंबईत नागदेवी गाठा. तार स्टेनलेसची, 0.8 मिलिमीटर म्हणजे 0.032 इंचाची, बारीक स्क्रूसाठी 0.5ची थोडी. बांधकामावरची बाइंडिंग वायर घरात पडली असेल तर ती तिथेच राहू दे: मऊ लोखंड, गंजतं आणि पीळ घालताना तुटतं. तार पिळायची खास पकड मिळते. जबडा लॉक करून मागची मूठ ओढली की ती स्वतः फिरते. साध्या पकडीनेही जमतं, फक्त पीळ एकसारखा यायला हात बसावा लागतो. त्याशिवाय 1.5 मिलिमीटरचे कोबाल्टचे ड्रिल बिट घ्या, चार-पाच तरी, कारण ते मोडतात. सेंटर पंच, कटिंग ऑइल, साइड कटर आणि डोळ्यांना गॉगल. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानं बोल्ट आवळायचा पाना) नसेल तर कुणाचा तरी मागून आणा, त्याच्याशिवाय पुढचं सगळं फुकट.

भोक पाडताना बोल्ट व्हाइसमध्ये घट्ट धरा. षटकोनी डोकं असेल तर एका कडेच्या सपाट बाजूवर पंच मारून कोपऱ्यातून पलीकडे तिरकं भोक न्या. पंच नीट बसला नाही तर बिट घसरतो. वेग कमी, दाब बेताचा, तेलाचा थेंब सतत. अॅलन बोल्टचं डोकं आतून पोकळ असतं. बिट भिंत फोडून आत शिरतो त्या क्षणी अडकतो आणि मोडतो, म्हणून कुरकुर आवाज बदलायला लागला की हात सैल सोडा. डोक्यावर 12.9 असा ताकदीचा आकडा कोरलेला बोल्ट फारच कडक. हातातल्या ड्रिलने झगडण्यापेक्षा लेथवाल्याकडे द्या. भोकाच्या कडा घासून गुळगुळीत करा, नाहीतर तीच कड तारेला कापते.

आता बसवणं. आधी कंपनीनं सांगितलेल्या टॉर्कला बोल्ट आवळा, मग भोक कुठे आलंय ते बघा. भोक सोयीच्या बाजूला यावं म्हणून बोल्ट थोडा सैल सोडणं किंवा जास्त पिळणं, दोन्ही नको. त्यापेक्षा दुसरं भोक पाडा. तारेचं काम एवढंच की बोल्ट मागे फिरून निसटू नये. 1969 साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं दाखवलं की जोड आडवा हलला की आट्यांमधली पकड सुटते आणि बोल्ट आपोआप उलटा फिरतो. तार ते फिरणं अडवते, पण बोल्ट आवळल्यानं आलेला ताण एकदा गेला की परत आणत नाही. सैल बोल्टला बांधलेली तार म्हणजे निव्वळ दागिना.

दिशा चुकली तर तार असून नसल्यासारखी. तार ओढली गेली की बोल्ट आवळायच्या बाजूला फिरला पाहिजे. बोल्टसमोर उभे राहा: तार उजवीकडे बांधायची असेल तर ती डोक्याच्या वरच्या अंगानं निघाली पाहिजे, डावीकडे असेल तर खालच्या. दोन बोल्ट एकमेकांना बांधताना ती डाव्याच्या वरून निघून उजव्याच्या खाली जाते. एका तारेत तीनपेक्षा जास्त बोल्ट ओवू नका. भोकातून ओवलेल्या तारेचे दोन्ही पदर एकमेकांभोवती पिळा, पीळ इंचाला सहा ते आठ. जास्त पिळलं तर तार ठिसूळ होऊन कंपनानं तुटते. शेवटी तीन-चार पिळांची शेपटी ठेवून ती आत वळवा, नाहीतर पुढच्या वेळी तेल बदलताना बोट फाटणार.

रॉयल एन्फिल्डच्या 650सारखा डबा फिल्टर असेल तर त्यावर होज क्लिप (स्क्रूनं आवळायची गोल पट्टी) आवळा आणि तिच्या स्क्रूपासून जवळच्या पक्क्या जागेला तार न्या. क्लिप डब्याच्या बुडाशी, कडक भागावर हवी. मधल्या पत्र्यावर आवळली तर डबा चेपतो.

तार एकदाच वापरायची असते, म्हणून उरलेलं बंडल, पकड आणि साइड कटर ट्रॅकवर न्यायच्या पेटीत टाका. तपासणीत एखादी जागा परत बांधायला सांगतीलच. तार बांधल्यावर बोल्ट आणि केसिंगवरून रंगाची एक सरळ रेघ ओढा. पहिल्या सेशननंतर, हात भाजणार नाही इतकं इंजिन निवलं की, रेघ तुटली आहे का आणि ड्रेन बोल्टखाली ओल आहे का ते बघा. कापलेले तारेचे तुकडे मात्र लगेच उचला, पिटमध्ये लोक स्लीपर घालून फिरत असतात.