शनिवार-रविवारी ॲमेझॉनमध्ये उतरण्याआधी

आधी दोन संध्याकाळी मोकळ्या करा. जर्मन दिग्दर्शक वेर्नर हेर्झोगचा 'अगीरे' (१९७२) हा सिनेमा दीड तासाचा, 'फिट्झकराल्डो' (१९८२) अडीच तासांहून मोठा; दोन्ही एका बैठकीत उरकू नका. जेवणं आधीच आटपा, मध्यंतर नको. या सिनेमांत जंगल हळूहळू अंगावर येतं, मध्ये चहाला उठलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

सबटायटल्स आदल्या दिवशीच पाच मिनिटं लावून बघा. 'अगीरे'मध्ये ओठ आणि शब्द जुळत नाहीत, कारण चित्रीकरण इंग्रजीत झालं आणि जर्मन आवाज नंतर भरले. पडदे घट्ट ओढा. पहिल्याच दृश्यात धुक्यातल्या कड्यावरून एक बारीक रेघ खाली सरकताना दिसते. मुंग्यांची रांग वाटते. मग कळतं, ती माणसं आहेत: चिलखतातले स्पॅनिश शिपाई, ओझ्याखाली वाकलेले स्थानिक आदिवासी, डुकरं, मेणा, तोफ. खोलीत उजेड असेल तर ही रेघ दिसतच नाही. टीव्हीचा आवाज पातळ असेल तर वेगळा स्पीकर जोडा, पोपोल वू या जर्मन बँडचं संगीत त्या धुक्याइतकंच महत्त्वाचं आहे.

पेरूचा नकाशा जवळ असू द्या, पण इतिहास ताडून बघू नका. स्पॅनिश सरदार गोन्झालो पिझारो १५४८ मध्येच मारला गेला होता, सिनेमात तो १५६० साली मोहीम काढतो. लहान मुलांना शक्यतो बसवू नका. तराफ्यावरून नदीत ढकललेला घोडा नंतर काठावरच्या झाडीत एकटा उभा दिसतो. मला तो माणसांच्या मरणापेक्षा जास्त छळतो.

रविवारसाठी एक वही घ्या. 'फिट्झकराल्डो'त आगबोट डोंगरावरून ओढतात, आणि ती खरोखर ओढली होती, ३२० टनांची, अख्खी. ज्या रबर-व्यापाऱ्यावरून गोष्ट सुचली, त्याने आपली लहानशी बोट सुटी करून नेली होती. म्हणून दोर कुणाच्या हातात आहेत, चिखलात कोण उभं आहे, ते टिपत राहा.

लेस ब्लँकचा 'बर्डन ऑफ ड्रीम्स' (१९८२) हा या चित्रीकरणावरचा माहितीपट मात्र शेवटी, जमल्यास पुढच्या शनिवारी. आधी पाहिलात तर बोट चढताना छातीत धडधडणार नाही. पण टाळू नका: मुख्य भूमिकेतले जेसन रोबार्ड्स आजारी पडून परतले, चित्रीकरण क्लाउस किन्स्कीला घेऊन नव्याने करावं लागलं, आणि स्थानिक आग्वारुना लोकांचा विरोध इतका पेटला की चित्रीकरणाचा पहिला तळच जाळला गेला. तेव्हा रविवारची वही परत उघडा आणि दोर ओढणाऱ्यांच्या नोंदी माहितीपटाशेजारी ठेवून वाचा.