वजिराच्या प्याद्याने डाव सुरू करायला शिकताना

पहिल्याच खेळीत वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे सारले की ते डी४ वर (डी पट्टीतल्या चौथ्या घरात) उभे राहते आणि त्याला मागच्या वजिराचा आधार आपोआप मिळतो. ई४ वर गेलेल्या राजाच्या प्याद्याला असा आधार नसतो, म्हणून त्या डावांत मारामारी लवकर सुरू होते. डी४ च्या डावांत मात्र दोन्हीकडची प्यादी बराच वेळ समोरासमोर तटून राहतात, आणि त्यांची रचना ज्याला कळते त्याला कोणता मोहरा कोठे न्यायचा हे पाठांतराशिवाय सुचू लागते. त्यामुळे नवशिक्याने दहा ओपनिंगच्या याद्या जमवण्यापेक्षा एक रचना मुळापासून शिकावी, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी क्वीन्स गॅम्बिटमधील अदलाबदलीचा प्रकार, ज्यात दोघे मध्यावर एकमेकांचे एकेक प्यादे घेतात, मला सर्वांत योग्य वाटतो.

गॅम्बिटची सुरुवात अशी होते: १. डी४ डी५ २. सी४. पांढरा येथे प्यादे देऊ करतो, ते खऱ्या अर्थाने बळी देत नाही. बाजूचे सी प्यादे देऊन काळ्याचे मधले डी प्यादे हटवावे आणि नंतर ई४ खेळून पटाचा मध्य व्यापावा, हा त्यामागचा हेतू असतो. काळ्याने २... डीxसी४ असे प्यादे घेतले (तीन टिंबे म्हणजे काळ्याची खेळी, x म्हणजे मारणे), तर ३. ई३ खेळावे, एफ१ वरच्या उंटाची वाट मोकळी होते आणि ते प्यादे परत मिळवता येते. काळा ३... बी५ खेळून ते राखू पाहील, तेव्हा ४. ए४ ने त्या साखळीवर घाव घालावा. त्याने ४... सी६ असा आधार दिला, तर ५. एxबी५ सीxबी५ नंतर ६. वजीर एफ३ ही खेळी पाहावी: एफ३ पासून ए८ पर्यंतची तिरकी रेषा पूर्ण मोकळी झालेली असते आणि कोपऱ्यातला हत्ती वाचवण्यासाठी काळ्याला घोडा किंवा उंट गमवावा लागतो. ही ओळ पटावर स्वतःच्या हाताने मांडून पाहावी, कारण काळा ते प्यादे का राखू शकत नाही हे त्यातून कायमचे ध्यानात राहते.

येथेच एक सवय मोडायला हवी. ई४ च्या डावांतून आलेले खेळाडू दुसऱ्याच खेळीत घोडा सी३ वर आणतात आणि स्वतःच्याच सी प्याद्याची वाट अडवून बसतात. डी४ च्या बहुतेक डावांत सी प्यादे हेच पांढऱ्याचे मुख्य हत्यार असते, म्हणून आधी ते पुढे जावे आणि मग त्याच्या मागे घोडा यावा.

काळ्याने प्यादे न घेता २... ई६ खेळले, तर मुख्य ओळ पुढे अशी जाते: ३. घोडा सी३ घोडा एफ६ ४. सीxडी५ ईxडी५ ५. उंट जी५ उंट ई७ ६. ई३ किल्लेकोट ७. उंट डी३ घोडा बी८-डी७ ८. वजीर सी२ हत्ती ई८ ९. घोडा एफ३ घोडा एफ८ १०. किल्लेकोट सी६. या अदलाबदलीची एक किंमत आहे, ती जाणून घ्यावी: ई प्यादे हलल्याने काळ्याच्या सी८ वरच्या उंटाची वाट मोकळी होते. पांढरा डी३ वर उंट आणि सी२ वर वजीर ठेवतो, त्याचे एक कारण म्हणजे त्या उंटाला एफ५ हे चांगले घर सहजासहजी मिळू नये. दुसरे कारण एच७ वरचा दाब. काळ्याचा हत्ती ई८ वर सरकतो तो एफ८ हे घर रिकामे करण्यासाठी, म्हणजे घोडा तेथे येऊन एच७ राखू शकेल. प्रत्येक खेळीचे असे कारण सांगता येईपर्यंत पुढे जाऊ नये.

पाचव्या खेळीनंतर काळा कधीकधी उंट ई७ ऐवजी लगेच घोडा बी८-डी७ खेळतो. एफ६ वरचा घोडा हलला तर मागचा वजीर जाईल, म्हणजे तो जखडला आहे असे समजून पांढऱ्याला ६. घोडाxडी५ हे फुकटचे प्यादे दिसते. ते घेऊ नये. काळा ६... घोडाxडी५ खेळून वजीर सोडतो, ७. उंटxडी८ नंतर ७... उंट बी४ असा शह देतो, आणि पांढऱ्याला वजीर डी२ वर आणण्यावाचून दुसरा उपायच उरत नाही. वजिरांची मारामारी झाल्यावर काळा राजाने डी८ वरचा उंटही घेतो आणि एका प्याद्याच्या बदल्यात त्याला पूर्ण मोहरा मिळतो.

आता या रचनेचा गाभा. वजिराच्या बाजूला पांढऱ्याकडे ए आणि बी अशी दोनच प्यादी आहेत, काळ्याकडे ए, बी आणि सी अशी तीन. तरीही हल्ला पांढऱ्यानेच करायचा असतो. हत्ती बी१ वर आणावा, काळ्याने ए५ खेळून अडवले तर ए३ ची तयारी करावी, आणि मग बी४ व बी५ असे प्यादे पुढे रेटावे. बी५ वर ते पोचले की काळ्यासमोर कोणताही पर्याय निर्वेध नसतो. त्याने स्वतः सीxबी५ घेतले, तर डी५ चे प्यादे एकटे पडते. सी५ खेळले, तर डीxसी५ नंतरही तेच होते. आणि काहीच केले नाही, तर बीxसी६ बीxसी६ नंतर सी६ वर एक मागासलेले, म्हणजे दुसऱ्या प्याद्याचा आधार न मिळणारे प्यादे उरते, ज्यावर पांढऱ्याचे हत्ती मोकळ्या सी पट्टीतून शेवटपर्यंत मारा करू शकतात. काळा तोवर स्वस्थ बसत नाही. तो घोडा ई४ वर रोवून राजाच्या बाजूने हल्ला चढवतो. म्हणून आपले प्यादे एकेक घर पुढे नेताना त्याच्या घोड्यांकडे लक्ष ठेवलेच पाहिजे.

दुसरी योजना अधिक आक्रमक आहे. नववी खेळी घोडा एफ३ ऐवजी घोडा जी१-ई२ अशी करावी, एफ३ खेळावे आणि योग्य वेळी ई४ रेटून मध्य फोडावा. तेव्हाचा विश्वविजेता बॉटविनिक याने १९५२ मध्ये मॉस्कोत पॉल केरेसविरुद्ध हीच योजना राबवून जिंकलेला डाव आजही प्रशिक्षक दाखवतात, आणि सुरुवातीला एकच डाव अभ्यासायचा तर तोच घ्यावा. हा प्रकार जुना झाला असे कोणी म्हटले तर त्याला २०२४ ची सिंगापूरची विश्वविजेतेपदाची लढत दाखवावी: गुकेशने डिंग लिरेनविरुद्धचा तिसरा डाव याच रचनेतून जिंकला. अलेखिन आणि कापाब्लांका यांच्या १९२७ च्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत तर ३४ पैकी ३२ डाव प्यादे न स्वीकारणाऱ्या क्वीन्स गॅम्बिटचे होते.

काळ्याच्या इतर उत्तरांसाठी आरंभी थोडी तयारी पुरते. २... सी६ या स्लाव्ह बचावाला ३. घोडा एफ३ घोडा एफ६ ४. ई३ असे भक्कम उत्तर द्यावे. १... घोडा एफ६ २. सी४ जी६ आले, तर ३. घोडा सी३ खेळावे, त्यानंतर ३... उंट जी७ ४. ई४ डी६ हा किंग्ज इंडियन होतो, तर ३... डी५ हा ग्रुनफेल्ड. या दुसऱ्या रचनेचे नाव ऑस्ट्रियन खेळाडूचे असले, तरी ती १८५५ मध्ये कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी यांनी जॉन कॉक्रनविरुद्ध खेळली होती, हे आपल्या वाचकांना ठाऊक असावे. पहिले काही महिने लंडन सिस्टिमचा मोह टाळावा. डी४, उंट एफ४, ई३, घोडा एफ३, सी३ ही मांडणी लवकर जमते, पण सी४ ची ताकद तिच्यात अनुभवाला येत नाही.

सरावासाठी दहाव्या खेळीनंतरची वरील स्थिती पटावर मांडून जोडीदाराबरोबर पंधरा-पंधरा मिनिटांचे डाव खेळावेत आणि प्रत्येक डावानंतर बाजू बदलावी. काळ्या बाजूने बी५ चा दाब सोसल्याशिवाय पांढऱ्या बाजूने तो कधी द्यायचा हे नीट उमगत नाही. डाव संपल्यावर संगणकाकडे वळण्याआधी वहीत दोन गोष्टी लिहाव्यात: बी५ किंवा ई४ कोणत्या खेळीला खेळता आले असते, आणि ते तेव्हा का खेळले नाही.