प्रायोगिक छायाचित्रणाचा अभ्यासक्रम निवडताना
दोन अभ्यासक्रमांची माहितीपत्रके बहुधा इतकी सारखी असतात की त्यांवरून निवड होत नाही. अशा वेळी डार्करूम (छायाचित्रे धुण्या-छापण्याची अंधारी खोली) आठवड्यातून किती तास खुली असते ते विचारावे, त्या तासांना एन्लार्जरच्या (निगेटिव्हवरून कागदावर मोठे चित्र उमटवणाऱ्या यंत्राच्या) संख्येने गुणावे आणि विद्यार्थिसंख्येने भागावे, म्हणजे आपल्या वाट्याचे खरे तास कळतात. सायनोटाइपला (निळे चित्र देणारी, १८४२ मध्ये शोधलेली छपाईची पद्धत) लोहक्षारांचा लेप दिलेला कागद, ऊन आणि पाणी पुरते, त्यामुळे तो घरीही शिकता येतो. वेट कोलोडियनमध्ये (काचेवर छायाचित्र घेण्याची १८५१ मधील पद्धत) मात्र रसायनांचा लेप दिलेली काच ओली असतानाच चित्र घेऊन डेव्हलप करावे लागते, आणि माझ्या मते संस्थेची जागा अशाच प्रक्रियेसाठी मोलाची ठरते. या प्रक्रियेत ईथर व सिल्व्हर नायट्रेट हाताळावे लागते, म्हणून हवा खेळती राहण्याची व डोळ्यांच्या संरक्षणाची सोय प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय शुल्क भरू नये.