मिक्सिंगसाठी नवा कॉम्प्युटर: जोर नेमका कुठे हवा?

प्रोजेक्ट वाजताना मध्येच क्लिक-पॉप ऐकू येऊ लागले, बफर (एका वेळी तयार होणाऱ्या ऑडिओच्या तुकड्याचा आकार, सॅम्पलमध्ये) १०२४ वर नेला तरी थांबेनात, की बहुतेक जण जास्त कोअरचा (प्रोसेसरमध्ये स्वतंत्रपणे काम करणारे भाग) कॉम्प्युटर शोधायला लागतात. ती घाई करू नका. जुनं मशीन कुठे अडतंय हे कळलं नाही, तर नवं मशीनही तिथेच अडू शकतं.

ऑडिओ तुकड्यातुकड्याने चालतो. सॅम्पल रेट (सेकंदाला घेतलेले आवाजाचे नमुने) ४८ किलोहर्ट्झ आणि बफर १२८ असेल, तर प्रत्येक तुकडा २.६७ मिलिसेकंदांच्या आत तयार व्हावाच लागतो. एक तुकडा जरी उशिरा आला तरी क्लिक ऐकू येतो. सरासरी वेग कितीही चांगला असला तरी त्या उशिराची भरपाई होत नाही. त्यात एका ट्रॅकवर सहा प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारे छोटे प्रोग्रॅम) ओळीने लावले असतील, तर पहिल्याचं काम संपल्याशिवाय दुसऱ्याला सुरुवात करता येत नाही. म्हणून ती अख्खी साखळी सहसा एकाच कोअरवर चालते. मास्टर बसचंही (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात ती शेवटची वाट) तसंच: तिथे ओव्हरसॅम्पलिंगवर (आतून जास्त सॅम्पल रेटवर) ठेवलेला लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेबाहेर जाऊ न देणारा प्लगइन) आणि दोन-तीन जड प्लगइन असतील, तर तो भार सोळा कोअरमध्ये वाटला जात नाही. टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर जेमतेम ३० टक्के दाखवतो आणि आवाज तरी तुटतो, तो बऱ्याचदा यामुळेच.

आधी जुन्या मशीनची तपासणी

सगळ्यात जड प्रोजेक्ट उघडा आणि मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा मीटर बघा. रीपरमध्ये परफॉर्मन्स मीटर प्रत्येक ट्रॅकचा भार वेगळा दाखवतो, लॉजिकमध्ये प्रोसेसरच्या वेगवेगळ्या पट्ट्या दिसतात. एकच पट्टी टोकाला आणि बाकीच्या रिकाम्या, किंवा मास्टरवरचे प्लगइन बंद करताच आवाज साफ होतो? मग तुम्हाला प्रत्येक कोअरचा वेग वाढवायचा आहे. सगळ्याच पट्ट्या भरलेल्या असतील तर जास्त कोअरचा खरंच उपयोग होईल. रॅम काठोकाठ भरली असेल आणि सॅम्पलरचे (रेकॉर्ड केलेले स्वर वाजवणारं वाद्य-सॉफ्टवेअर) स्वर मध्येच गळत असतील, तर दोष रॅमचा किंवा डिस्कचा.

मीटर खाली असतानाही क्लिक येत असतील, तर प्रोसेसर बहुधा निर्दोष आहे. विंडोजवर लेटन्सीमॉन हे तपासणीचं सॉफ्टवेअर चालवून बघा. वाय-फाय, ब्लूटूथ किंवा ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरत असेल तर ते त्यात दिसतं. वाय-फाय आणि ब्लूटूथ एकेक करून बंद करा, ऑडिओ इंटरफेसच्या (माइक-स्पीकर कॉम्प्युटरला जोडणारा डबा) कंपनीचाच एएसआयओ (कमी विलंबाचा ऑडिओ) ड्रायव्हर वापरा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा. एवढ्याने काम भागलं तर नवा कॉम्प्युटर घ्यायची गरजच उरत नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. नुसत्या वाजणाऱ्या ट्रॅकचं काम सॉफ्टवेअर थोडं आधीच करून ठेवतं. क्यूबेस या सॉफ्टवेअरमध्ये एएसआयओ-गार्ड हेच करतो. पण ट्रॅक रेकॉर्डसाठी आर्म (तयार) केला की ती सवलत जाते आणि त्याची अख्खी साखळी छोट्या बफरवर, तत्क्षणी चालवावी लागते. म्हणून रेकॉर्डिंग ६४ किंवा १२८ वर करा आणि तेव्हा मास्टरवरचे जड प्लगइन बंद ठेवा. मिक्सिंगला ५१२ किंवा १०२४ घ्या. मशीन कितीही ताकदवान असलं तरी ही सवय ठेवा.

प्रोसेसर

आठ वेगवान कोअर सहसा सोळा संथ कोअरपेक्षा चांगले. तुलना करताना सिंगल-कोअर स्कोअर आधी बघा, मल्टी-कोअर नंतर. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून बऱ्याच प्रोसेसरमध्ये दोन प्रकारचे कोअर असतात: जोरकस परफॉर्मन्स कोअर आणि वीज वाचवणारे एफिशियन्सी कोअर. अॅपलच्या एम मालिकेतही तसंच आहे. खोक्यावर छापलेली बेरीज सोडा, परफॉर्मन्स कोअर किती आहेत ते विचारा. अॅपलच्या प्रो चिपवरून मॅक्सवर जाताना जास्तीच्या पैशांचा मोठा भाग ग्राफिक्सवर जातो, आणि ऑडिओला त्याचा फारसा फायदा नाही.

लॅपटॉपमध्ये नुसत्या प्रोसेसरच्या नावावर जाऊ नका. तोच प्रोसेसर पातळ बॉडीत तापतो आणि काही मिनिटांत स्वतःचा वेग कमी करतो. घेण्याआधी किंवा परत करण्याची मुदत संपण्याआधी जड प्रोजेक्ट निदान अर्धा तास लूपवर वाजवा. पहिल्या पाच मिनिटांत सगळेच लॅपटॉप चांगले वाटतात.

रॅम, डिस्क आणि बाकीचं

गायन आणि वाद्यांचे रेकॉर्ड केलेले ट्रॅक मिक्स करायला १६ जीबी पुरते, ३२ जीबीत निवांत काम होतं. ऑर्केस्ट्राच्या मोठ्या सॅम्पल लायब्ररी एकाच टेम्प्लेटमध्ये उघड्या ठेवायच्या असतील तर ६४ जीबी किंवा जास्त लागते, कारण सॅम्पलर प्रत्येक सॅम्पलचा सुरुवातीचा भाग रॅममध्ये भरून ठेवतो आणि उरलेला डिस्कवरून ओढतो. मात्र गरजेपेक्षा जास्त रॅम घातल्याने प्लगइन वेगाने चालत नाहीत. डेस्कटॉपमध्ये रॅमच्या चार पट्ट्यांऐवजी दोन मोठ्या लावा; डीडीआर५ च्या चार पट्ट्या सहसा कमी वेगावर चालतात. एम मालिकेच्या मॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्येही नाही, म्हणून तिथे पुढचा विचार आजच करा.

डिस्कबद्दल उगाच धास्ती असते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी जागा घेतो. २४ ट्रॅक एकदम रेकॉर्ड केले तरी सेकंदाला ३.५ एमबीच लिहायचे असतात, आणि साधा साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचतो. महागड्या एनव्हीएमई एसएसडीचा खरा उपयोग मोठ्या लायब्ररी लवकर उघडण्यात आहे. सिस्टीम एका एसएसडीवर आणि लायब्ररी दुसऱ्यावर ठेवा, काही जागा नेहमी मोकळी सोडा.

वेगळं ग्राफिक्स कार्ड फक्त व्हिडिओचं काम असेल तरच घ्या, नाहीतर त्याचा पंखा आणि ड्रायव्हर दोन्ही त्रास देतात. पंख्याचा आवाज ही किरकोळ बाब समजू नका. माइक त्याच खोलीत असेल तर ती घरघर प्रत्येक टेकमध्ये उतरते, आणि वर कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून हळू आवाज वर आणणारा प्लगइन) लावला की आणखी उठून दिसते. डेस्कटॉप जुळवताना १२० किंवा १४० मिलिमीटरचे संथ पंखे आणि मोठा टॉवर कूलर निवडा.

पोर्टही नीट बघा. यूएसबी-सी आकाराचं प्रत्येक भोक थंडरबोल्ट (त्याच आकाराची, जास्त वेगाची जोडणी) नसतं. इंटरफेस थंडरबोल्टचा असेल तर मशीनच्या तपशिलात ते नाव लिहिलेलं असल्याची खात्री करा. इंटरफेस हबमध्ये न लावता थेट पोर्टला जोडा.

पैसे देण्याआधी

रोज वापरता त्या प्लगइनची यादी करा. ३२ बिटचे जुने प्लगइन नव्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा चालणार नाहीत. अॅपल चिपवर फक्त इंटेलसाठी बनलेला प्लगइन रोझेटावर (इंटेलसाठीचे प्रोग्रॅम अॅपल चिपवर चालवणारी अॅपलची सोय) अवलंबून राहतो. ज्याच्यावाचून तुमचं अडेल अशा एखाद्या प्लगइनची नवी आवृत्ती नसेल, तर त्याचे ट्रॅक जुन्या मशीनवरच ऑडिओ म्हणून रेंडर करून घ्या. परवान्यांचं अॅक्टिव्हेशनही तिथेच काढून टाका. मशीन विकल्यावर किंवा फॉरमॅट केल्यावर ते सोडवायला सपोर्टच्या मागे लागावं लागतं.

नवं मशीन आलं की बफर १२८ वर ठेवा, एका ट्रॅकवर तुमची नेहमीची साखळी लावा आणि आवाज तुटेपर्यंत त्या ट्रॅकच्या प्रती वाढवत जा. हीच चाचणी जुन्या मशीनवर त्याच सॅम्पल रेटला करून आकडा लिहून ठेवलेला असू द्या. दोन आकड्यांत फारसा फरक दिसला नाही तर आधी ड्रायव्हर आणि पॉवर प्लॅन तपासा, आणि तरीही नसेल तर परत करण्याच्या मुदतीतच मशीन परत द्या.